नंबर लावून वाचलेला लेखक

सुहास शिरवळकर ११ जुलै २००३ रोजी गेले. तेव्हा ते ५४ वर्षांचे होते. त्यानंतर दहा वर्षं आणि आठ दिवसांनी, १९ जुलै २०१३ रोजी, त्यांच्या ‘दुनियादारी’वरचा चित्रपट प्रदर्शित झाला आणि महाराष्ट्रभर थिएटरं भरली. मूळ कादंबरी १९८२ सालची, म्हणजे तीस वर्षांहून जुनी. मधल्या काळात तिला मोठा पुरस्कार मिळाला नव्हता, ती कुठल्या परिसंवादाचा विषय झाली नव्हती, मराठी कादंबरीचा इतिहास सांगणाऱ्या जाड ग्रंथांत तिच्यासाठी पान राखलेलं नव्हतं. तरीही ती जिवंत राहिली, कारण एका पिढीने ती दुसऱ्या पिढीच्या हातात दिली. थोरल्या भावाने धाकट्याला दिली, मैत्रिणीने मैत्रिणीला दिली, होस्टेल सोडून जाणाऱ्याने खोलीत नव्याने आलेल्याला दिली. हे काम वाचकांनी केलं. म्हणून सुशिंविषयी, म्हणजे सुहास शिरवळकरांविषयी, लिहायचं तर त्यांच्या वाचकांविषयीही लिहावं लागतं. मी त्या वाचकांपैकी एक आहे आणि हा लेख त्या प्रेमातूनच लिहितो आहे.

हे प्रेम रुजलं ते पुण्याच्या पेठांतल्या लायब्रऱ्यांत. पुण्याला ग्रंथालयांची परंपरा मोठी आहे. लोकहितवादींच्या पुढाकाराने १८४८ मध्ये सुरू झालेली आणि पुढे पुणे नगर वाचन मंदिर झालेली संस्था अजून चालू आहे. नारायण पेठेतलं पुणे मराठी ग्रंथालय १९११ पासूनचं. पण सुशि वाचायला आम्ही तिथे कमी जायचो. आमच्या लायब्रऱ्या लहान, खासगी, एखाद्या वाड्याच्या पुढच्या खोलीत किंवा जिन्याखालच्या गाळ्यात थाटलेल्या असत. थोडं डिपॉझिट, महिन्याची वर्गणी, एका वेळी एक पुस्तक आणि एक मासिक. पुस्तकाला खाकी कव्हर घातलेलं, पाठीवर शाईने आकडा टाकलेला, आत तारखांचे शिक्के मारायची चिकटवलेली पट्टी. पुस्तक किती वाचलं जातं हे त्या पट्टीवरून कळायचं. समीक्षकांनी गौरवलेल्या कादंबरीच्या पट्टीवर तीन-चार शिक्के आणि सुशिंच्या पुस्तकात पट्टीवर पट्टी चिकटवलेली, हे दृश्य नेहमीचं होतं.

सुशिंचं नवं पुस्तक आलं की नंबर लावावा लागे. लायब्ररीवाले काका वहीत नाव लिहून घेत, आणि आपल्या आधी कोणाकोणाची नावं आहेत ते आपण उलटं वाचून घेत असू. ‘पुस्तक बाहेर आहे’ हे वाक्य त्या वयात किती वेळा ऐकलं असेल! ज्याच्याकडे पुस्तक असेल त्याच्या घरापर्यंत चौकशी जायची. त्याने रात्रीत संपवून सकाळी द्यावं, आपण दुपारी वाचून संध्याकाळी जमा करावं, असे करार व्हायचे. लायब्ररीच्या पुस्तकावर लिहू नये हा नियम दर्शनी भिंतीवर लावलेला असे आणि तो सगळे मोडत. सुशिंच्या पुस्तकांच्या समासात वाचकांचं एकमेकांशी बोलणं चालायचं. एखाद्या प्रसंगाशेजारी कोणी उद्गारचिन्ह काढलेलं, त्याखाली दुसऱ्या अक्षरात मतभेद, त्याखाली तिसऱ्याचा निकाल. रहस्यकथांच्या बाबतीत एक दुष्ट प्रकार होता. पहिल्याच पानावर पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहून ठेवायचं. त्या नावावर विश्वास ठेवावा की ते मुद्दाम चुकीचं लिहिलं आहे, हे कोडं मनात ठेवून पुस्तक वाचायचं.

सुशि आधी रहस्यकथाकार होते. मराठीत रहस्यकथेची वाट बाबूराव अर्नाळकरांनी रुंद केली. हजाराहून अधिक रहस्यकथा त्यांच्या नावावर आहेत. झुंजार आणि काळापहाड ही त्यांची माणसं आमच्या आजोबांनाही पाठ होती. त्यानंतर गुरुनाथ नाईक आले, कॅप्टन दीप आला. पुण्यातच नारायण धारप भयकथा लिहीत होते. पुढे त्यांच्या कथेची प्रेरणा घेतलेला ‘तुंबाड’ हा हिंदी चित्रपट आला आणि धारप कोण हे मराठी न वाचणाऱ्यांनीही विचारलं. दुसऱ्या फळीवर बाबा कदम होते, योगिनी जोगळेकर होत्या, कुसुम अभ्यंकर होत्या. लायब्ररीच्या अर्थकारणाचा भार या सगळ्यांनी वाहिला. त्यांची पुस्तकं सतत फिरत राहिली म्हणून वर्गणी येत राहिली, आणि त्या वर्गणीतून कमी वाचली जाणारी थोर पुस्तकंही विकत घेता आली. मराठी वाचनसंस्कृतीची चर्चा करताना हा हिशेब बहुधा राहून जातो.

या परंपरेत सुशिंनी बॅरिस्टर अमर विश्वास, मंदार पटवर्धन, फिरोज इराणी, दारा बुलंद अशी आपली माणसं उभी केली. वाचकांत त्यांचेही गट होते. मंदारचे चाहते वेगळे, दाराचे वेगळे, आणि आपला नायक सरस कसा यावर कट्ट्यावर तासन्‌तास वाद. मी अमर विश्वासच्या बाजूचा. रहस्यकथा लिहिताना सुशिंनी जे कमावलं ते पुढे त्यांच्या सामाजिक कादंबऱ्यांत कामाला आलं असं मला वाटतं. पहिल्या पानावर वाचकाला पकडायचं, प्रसंग नेमका कुठे तोडायचा, माहिती किती द्यायची आणि किती राखून ठेवायची, पात्राची ओळख वर्णनाने न करता त्याच्या बोलण्यातून करायची, हे सगळं शिक्षण रहस्यकथेचं. खुनाचं कोडं काढून टाकलं तरी ते कसब हातात राहतं. मग कोडं माणसाचंच होतं.

त्यांचे संवाद हा तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. मराठी कादंबरीत तरुण मुलं बरीच वर्षं पुस्तकी बोलत होती. सुशिंची मुलं पुण्यातल्या टपरीवर बोलतात तशी बोलतात: अर्धी वाक्यं, शिव्या, टोमणे, एकमेकांची वाक्यं पळवणं, गंभीर होण्याआधी एक फालतू विनोद. मोठ्याने वाचून पाहिलं की लक्षात येतं, कोण बोलतंय हे नाव न सांगताही कळतं. त्यासाठी कान लागतो, आणि तसा कान असलेले लेखक फार थोडे.

आता ‘दुनियादारी’. टिळक रस्त्यावरचं स. प. महाविद्यालय १९१६ मध्ये न्यू पूना कॉलेज म्हणून सुरू झालं. त्याचं पूर्ण नाव सर परशुरामभाऊ महाविद्यालय, पण पुण्यात ते फक्त एस. पी. या कॉलेजचा कट्टा हे कादंबरीचं केंद्र आहे. बाहेरून आलेला श्रेयस तळवलकर तिथे पोचतो. दिगंबर शंकर पाटील, म्हणजे डीएसपी, म्हणजे दिग्या, आणि त्याचं टोळकं त्याला आपल्यात घेतं. शिरीन आहे, मिनू आहे, साई आहे. दिग्या आणि सुरेखाचं प्रकरण आहे. बारमध्ये भेटणारे एम. के. श्रोत्री आहेत, ज्यांच्या भूतकाळाचा धागा श्रेयसच्या घरापर्यंत जातो. वरून पाहिलं तर ही मैत्रीची, प्रेमाची आणि मारामाऱ्यांची गोष्ट. चित्रपटाने हाच भाग घेतला आणि तो छान घेतला.

पण कादंबरी वाचताना मला दर वेळी दुसरीच गोष्ट जास्त जाणवते. श्रेयसला घर नाही. घर आहे, आईवडील आहेत, पैसे आहेत, पण माया नाही. त्याच्या आईवडिलांचं एकमेकांशी असलेलं थंड नातं त्याने लहानपणापासून पाहिलेलं आहे. कट्टा त्याला हवा आहे तो मजेसाठी नव्हे, तर कुणीतरी आपलं म्हणावं यासाठी. आणि जे कट्ट्यावर सगळ्यांत जास्त आवाज करतात, तेही आतून त्याच्यासारखेच आहेत हे त्याला हळूहळू कळत जातं. एम. के. ही व्यक्तिरेखा मराठी कादंबरीतल्या उत्तम व्यक्तिरेखांपैकी एक मानावी असं माझं ठाम मत आहे. तरुण पोरांच्या गोंगाटात हा हरलेला माणूस बसलेला असतो, आणि आपणही पुढे असे होऊ शकतो याची जाणीव तो त्यांना केवळ असण्याने करून देतो. विशीत वाचताना आम्ही दिग्यावर फिदा होतो. चाळिशीनंतर पुन्हा वाचली तेव्हा डोळे एम. के.वर खिळले. एकच पुस्तक वयाप्रमाणे वेगळा माणूस पुढे करतं, तेव्हा त्याला वेळ घालवायचं पुस्तक म्हणणं अन्यायाचं आहे.

चित्रपटाचा शेवट कादंबरीपेक्षा वेगळा आहे, आणि २०१३ च्या पावसाळ्यात जुन्या वाचकांनी त्यावर कडाकडा भांडून घेतलं. मी कादंबरीच्या बाजूचा. सुशि शेवटी वाचकाची समजूत काढत नाहीत. पुस्तक संपतं आणि चटका राहतो, आणि तो चटका मिळावा म्हणूनच माणूस ते पुन्हा उघडतो. तरी संजय जाधव यांच्या चित्रपटाचं ऋण मानायला हवं. स्वप्नील जोशी, अंकुश चौधरी, सई ताम्हणकर, ऊर्मिला कानेटकर, जितेंद्र जोशी या मंडळींमुळे ज्यांनी लायब्ररीचं तोंड पाहिलं नव्हतं अशी मुलंमुली पुस्तकाच्या दुकानात जाऊन ‘दुनियादारी’ मागू लागली. त्याच ऑगस्टमध्ये एका बड्या हिंदी चित्रपटासाठी पडदे मोकळे करायचा प्रश्न निघाला, तेव्हा ‘दुनियादारी’ उतरवू नये म्हणून राजकीय आंदोलनापर्यंत गोष्ट गेली. लायब्ररीतल्या कादंबरीने एवढी मजल मारलेली पाहायला लेखक असायला हवा होता.

‘दुनियादारी’च्या शेजारी मी नेहमी ‘कोसला’ ठेवतो. भालचंद्र नेमाड्यांची ही कादंबरी १९६३ मध्ये पुण्याच्याच देशमुख आणि कंपनीने काढली. खानदेशातल्या सांगवीहून पुण्यात शिकायला आलेला पांडुरंग सांगवीकर होस्टेलमध्ये राहतो, मंडळं चालवतो, पैसे उडवतो, नापास होतो आणि गावी परततो. दोन्हीकडे बाहेरून आलेला मुलगा आहे, दोन्हीकडे पुण्याचं कॉलेज आहे, दोन्हीकडे बापाशी न जमलेलं नातं आहे, आणि तरुणपणाची काही वर्षं हातातून निसटून जाणं आहे. ‘कोसला’ची भाषा, तिची रचना, तिने मराठी कादंबरीला दिलेला धक्का, हे सगळं फार मोठं आहे. ते नाकारण्याचा प्रश्नच नाही. मात्र एक फरक मला विचार करायला लावतो. पांडुरंग शहराकडे तिऱ्हाइतासारखा पाहतो, त्याला गर्दीत एकटेपण सापडतं. श्रेयस त्याच शहरात सोबत शोधतो आणि ती त्याला काही काळ मिळते. एका शहरात या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडत असतात. पुण्यात शिकायला आलेल्या कुणाचंही आयुष्य या दोन पुस्तकांमध्ये कुठेतरी बसतं. पहिलं पुस्तक अभ्यासक्रमात गेलं, त्यावर प्रबंध झाले. दुसरं वाचकांनी सांभाळलं. या दोन्हींचा एकत्र विचार करणारा एखादा नीट लेख मला वाचायला मिळाला तर फार आनंद होईल.

सुशि फक्त ‘दुनियादारी’चे लेखक नाहीत, हे त्यांच्या वाचकाला पुन्हापुन्हा सांगावं लागतं. ‘कोवळीक’, ‘झूम’, ‘क्षितिज’, ‘तुकडा तुकडा चंद्र’, ‘बरसात चांदण्याची’... नावं घेत गेलं तर पान भरेल. माझ्या लेखी यांत ‘समांतर’चं स्थान वेगळं आहे. कुमार महाजन नावाचा एक गांजलेला माणूस ज्योतिष्याकडे जातो. ज्योतिषी हात पाहतो आणि सांगतो की हाच हात मी पूर्वी पाहिला आहे, सुदर्शन चक्रपाणी नावाच्या माणसाचा. रेषा तंतोतंत त्याच. म्हणजे चक्रपाणीचं जे घडून गेलं ते कुमारचं घडायचं आहे. एका माणसाचा भूतकाळ हाच दुसऱ्याचा भविष्यकाळ! कुमार त्या माणसाच्या शोधाला निघतो. कल्पना चमकदार आहेच, पण सुशि तिथे थांबत नाहीत. पुढचं कळलं तर ते टाळता येतं का, की टाळायच्या धडपडीतच माणूस तिकडे ओढला जातो, हा जुना प्रश्न ते नोकरी, बायको, पैशांची ओढाताण असलेल्या एका साध्या घरात आणून ठेवतात. दैव आणि प्रयत्न यांवर आपल्याकडे प्रवचनं पुष्कळ झाली. त्याच प्रश्नाने झोप उडवणारी कादंबरी लिहिणं वेगळं. मार्च २०२० मध्ये, टाळेबंदी लागायच्या थोडंच आधी, सतीश राजवाडे यांनी दिग्दर्शित केलेली ‘समांतर’ ही वेब मालिका आली, पुढच्या वर्षी समीर विद्वांस यांनी दुसरा भाग केला. घरात अडकलेल्या कितीतरी जणांनी ती एका बैठकीत पाहिली आणि मग मूळ पुस्तक कुठे मिळेल याची फोनाफोनी सुरू झाली. लेखक जाऊन तेव्हा सतरा वर्षं होत आली होती.

कादंबरीसाठी वाचकाने थांबून राहणं पुण्याला नवीन नाही. आप्पा बळवंत चौकाजवळच्या आनंदाश्रमाची व्यवस्था पाहणारे हरिभाऊ आपटे १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिक काढू लागले आणि त्यात ‘पण लक्षात कोण घेतो!’ क्रमशः छापू लागले. यमूचं पुढे काय झालं हे कळण्यासाठी वाचक पुढच्या अंकाकडे डोळे लावून बसत. साप्ताहिकाचं नावच ‘करमणूक’ होतं, आणि त्यात छापलेली कादंबरी आज मराठी साहित्याचा मानबिंदू आहे. करमणूक आणि गुणवत्ता यांत वैर आहे हा समज हरिभाऊंच्या काळात नव्हता. तो नंतर घट्ट झाला. लोकांनी डोक्यावर घेतलं म्हणजे काहीतरी हलकं असणार, हे गृहीत धरून आपण बरीच पुस्तकं न वाचताच बाजूला ठेवली.

इतर भाषांत असं झालेलं नाही. बंगाली घरात शरदिंदु बंद्योपाध्यायांचा ब्योमकेश आणि सत्यजित रायांचा फेलूदा यांना रवींद्रनाथांच्या शेजारच्या फळीवर जागा मिळते आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. उर्दूत इब्ने सफींच्या ‘जासूसी दुनिया’वर आज गांभीर्याने लिहिलं जातं. अमेरिकेत रेमंड चँडलरच्या गुप्तहेर कादंबऱ्या १९९५ मध्ये ‘लायब्ररी ऑफ अमेरिका’च्या मालिकेत आल्या. फ्रेंच साहित्यात ‘प्लेयाद’ मालिकेत पुस्तक येणं हा मोठा मान समजतात. इन्स्पेक्टर मेग्रेच्या कथा लिहिणाऱ्या जॉर्ज सिमेनॉनला तो मान २००३ मध्ये, त्याच्या जन्मशताब्दीला मिळाला. त्याच वर्षी पुण्यात सुशि गेले. त्यांच्या सामाजिक कादंबऱ्या अजून मिळतात, पण सुरुवातीच्या रहस्यकथा स्वस्त कागदावर छापल्या गेल्या होत्या. तो कागद पिवळा पडतो, मग तपकिरी होतो, आणि शेवटी घडीवर तुटतो. लहान लायब्रऱ्या एकामागून एक बंद झाल्या तेव्हा अशा पुस्तकांचे गठ्ठे किलोवर रद्दीत गेले. वाचकांच्या समासातल्या त्या गप्पाही त्यांच्याबरोबर गेल्या.

काही वाचकांनी मात्र ही पुस्तकं जपून ठेवली आहेत. पुण्यात आणि पुण्याबाहेर अशी घरं आहेत जिथे एखादं कपाट सुशिंचंच असतं. जुन्या पुस्तकांच्या पथारीवर एखादी मंदार पटवर्धनची रहस्यकथा दिसली की त्यांचा हात आपोआप खिशाकडे जातो. आपल्याकडे दोन प्रती असलेल्या पुस्तकाच्या बदल्यात ते दुसऱ्याकडून नसलेलं पुस्तक मिळवतात. कोणतं पुस्तक आधी आलं, कोणतं नंतर दुसऱ्या नावाने आलं, कोणत्या आवृत्तीत मुखपृष्ठ बदललं, याच्या याद्या त्यांनी स्वतःच्या वह्यांत करून ठेवल्या आहेत. हे संशोधनच आहे. एखाद्या विद्यापीठाने किंवा ग्रंथालयाने या मंडळींना एकत्र बोलावून सुशिंच्या सगळ्या लेखनाची अधिकृत सूची करायला घेतली, रहस्यकथांच्या पहिल्या आवृत्त्या स्कॅन करून ठेवल्या, तर काम निम्मं आधीच झालेलं सापडेल. वर्षं उलटतात तशी ही कपाटं सांभाळणारी पिढी म्हातारी होते आहे, म्हणून हे लवकर व्हायला हवं.

ज्यांनी फक्त चित्रपट पाहिला आहे आणि आता वाचायची इच्छा आहे, त्यांना माझा सल्ला: लगेच ‘दुनियादारी’ उघडू नका. तिच्यातली माणसं तुमच्या डोक्यात नटांच्या चेहऱ्यांनी बसलेली असतील. आधी ‘समांतर’ घ्या. शक्यतो रात्री सुरू करू नका, कारण सकाळी कामाला जायचं असेल तर पंचाईत होईल. मग मंदार पटवर्धन किंवा अमर विश्वासची एखादी रहस्यकथा मिळवा. नवी आवृत्ती नसेल तर आप्पा बळवंत चौकात आणि पथाऱ्यांवर चिकाटीने शोधली की सापडते. तिथे तुम्हाला सुशिंचा हात कसा तयार झाला ते दिसेल. त्यानंतर ‘दुनियादारी’ वाचा, आणि वाचताना एम. के. जिथे जिथे येतात ती पानं सावकाश वाचा. ती संपली की आठवड्याभरात ‘कोसला’ हातात घ्या, पूर्वी वाचली असली तरी. आणि यातलं एखादं पुस्तक लायब्ररीतून आणलं असेल तर ते वेळेत परत करा. तुमच्यामागे कुणीतरी नंबर लावलेला असेल.